तुकडा कुणी पाडायचा

"अगं, आज मला कुठला शर्ट आवडतोय?"

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. प्रश्नात टोमणा होता, पण तो इतका जुना झाला होता की त्याची धार केव्हाच गेली होती. ताईंनी तव्यावरच्या अंड्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "निळा. खुर्चीवर ठेवलाय. आणि ब्रेडला जॅम नको आज, काल तुमचं पोट बिघडलं होतं."

"माझं?" नवरा दारात येऊन उभा राहिला. "मला वाटलं, मी मजेत होतो."

"आई, मला भूक आहे का गं?" टेबलाशी बसलेल्या लेकीने वेणी घालता घालता विचारलं.

"आहे. गप खा."

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने खायला सुरुवात केली. कारण शर्ट खरंच निळाच हवा होता, पोट खरंच बिघडलं होतं आणि भूक तर सपाटून लागली होती. ताईंचा अंदाज कधी चुकायचा नाही, हीच तर अडचण होती.

इमारतीत त्यांना सगळे ताईच म्हणत, वयाने थोरलेसुद्धा. त्या ताई झाल्या त्याही फार लवकर. आई आजारी, धाकटी भावंडं चिमुरडी, त्यातल्या एका भावाची जीभ बोलताना अडखळायची. दुकानदाराने त्याला "काय हवं रे?" असं विचारायचा अवकाश, ताई म्हणायच्या, "त्याला लाल गोळ्या हव्यात." भाऊ मान डोलवायचा. तेव्हापासून समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करून त्याचे कष्ट वाचवायचे, ही सवय अंगात मुरली. पुढे दाताच्या डॉक्टरांकडे स्वागताच्या टेबलावर नोकरी लागली, तिथे तर ही सवय कामालाच आली. गाल धरून आलेल्या माणसाने तोंड उघडण्याआधीच ताई म्हणायच्या, "खालची दाढ ना? मंगळवारी चारला या, तुम्हाला तीच वेळ सोयीची." माणूस सुटल्यासारखा घरी जायचा.

लग्नात सुटलेलं शिक्षण लेक मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा धरलं. विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग असत, संगणकशास्त्राचे. डोळ्यांवर चष्मा, पिशवीत पाण्याची बाटली आणि आजूबाजूला लेकीच्या वयाची पोरं. ताईंनी सगळे विषय एकेक करून पार केले. उरला एकच: औपचारिक भाषा आणि ऑटोमाटा. गंमत म्हणजे ताईंना सगळ्यांत जास्त आवडलेला विषय हाच. त्यातली यंत्रं लोखंडाची नव्हती, कागदावर काढलेली होती. गोल आणि बाण, एवढंच. ताई ती लेकीच्या रंगीत पेनांनी काढायच्या आणि क्षणभर लांब धरून बघायच्या.

आणि त्याच विषयाच्या तोंडी परीक्षेत त्या आपटल्या होत्या.

घोडं अडलं ते 'पंपिंग लेमा' नावाच्या सिद्धान्तापाशी. अमुक नियम अशा यंत्राला ओळखता येत नाही, हे सिद्ध करायचा तो दोघांचा खेळच. एक चाल तुमची, एक समोरच्याची, पुन्हा एक तुमची. विषय शिकवणाऱ्या मॅडम समोर बसल्या होत्या. ताईंनी फळ्यावर अक्षरांची माळ लिहिली, तिचे तुकडे पाडले, मधला तुकडा वाढवला, निकाल सांगितला आणि हात झटकले. सगळं एका दमात.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "हे तुकडे पाडायची पाळी माझी होती ना?"

"हो, पण म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?"

मागे बसलेली पोरं फिस्सकन हसली. मॅडमही हसल्या, पण गुण काही त्यांनी दिले नाहीत. "तुम्ही माझ्यासाठी सोयीचा तुकडा निवडलात आणि मला हरवलंत. मी दुसरा तुकडा निवडला असता तर? हे सिद्ध करणं झालं नाही, ताई. शुक्रवारी पुन्हा या."

शुक्रवार आता दोन दिवसांवर आला होता. या खेपेला जमलं नाही तर विषय पुढच्या वर्षावर जाणार. आणि डॉक्टर पुढच्या वर्षापासून दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवणार होते. म्हणजे वर्गही गेले आणि पदवीही गेली. घरात हे कुणी बोलत नव्हतं. ठाऊक मात्र तिघांनाही होतं.

ताईंनी अंडं ताटलीत घेतलं, तेवढ्यात दारावर थाप पडली. एक, मग जरा थांबून दुसरी, मग तिसरी. अशी हिशेबी थाप इमारतीत एकाच माणसाची होती.

"हरकतकाका," लेक कुजबुजली आणि टेबलाखाली गेल्यासारखं करून पुन्हा वर आली.

खालच्या मजल्यावरचे हे काका जन्मभर एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासत होते. कुणी म्हणायचं आग लागली, कुणी म्हणायचं चोरी झाली, काका म्हणायचे, "माझी हरकत आहे." निवृत्त झाले तरी वाक्य निवृत्त झालं नाही. जिन्यातला दिवा, कचऱ्याची बादली, शेजारच्या बाळाचं रडणं, काकांची हरकत नाही असं इमारतीत काही उरलं नव्हतं. लोक त्यांना बघून जिन्याच्या दुसऱ्या बाजूने धूम ठोकायचे.

दार उघडलं. काका दारात, हातात भिजून लोळागोळा झालेलं वर्तमानपत्र.

"हे बघ," ते म्हणाले.

"बघितलं काका. आमच्या दोरीवरच्या कपड्यांचं पाणी तुमच्या बाल्कनीत पडलं, पेपर भिजला. तुम्ही म्हणणार, मागेही सांगितलं होतं. मी म्हणणार, चुकलं. तुम्ही म्हणणार, नुसतं चुकलं म्हणून भागत नाही, दोरी आत घ्या. मी म्हणणार, आजच घेते. तुम्ही म्हणणार—"

"थांब!"

काकांचा आवाज जिन्यात घुमला. नवऱ्याच्या हातातला ब्रेड तसाच राहिला.

"थांब म्हणतो ना! हरकत माझी आहे. ती मला घेऊ दे की! सकाळपासून खाली बसून मी काय बोलायचं ते ठरवत होतो. आणि तू माझ्या तोंडचं सगळं काढून घेतलंस. मग मी इथवर जिना चढून आलो कशाला?"

काका रागावले नव्हते. ते हिरमुसले होते. आणि ताई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या, कारण मॅडमही अगदी असंच काहीतरी म्हणाल्या होत्या. फक्त मॅडमनी हसून म्हटलं होतं, म्हणून ते ताईंच्या कानावरून गेलं होतं. आता मात्र ते आत शिरलं.

त्यांनी स्वतःच्या हातातल्या उलथन्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका," त्या म्हणाल्या, "आत या. तुमच्याशी मला भांडायचंय."

"हरक—" काका म्हणाले आणि थांबले. "कशावरून?"

"ते सांगते. पण भांडण तुमच्या बाजूने तुम्हीच करायचं. मी बोलणार नाही."

काका पायपुसण्यावर पाय पुसून आत आले. या घरात त्यांना आत या असं बहुधा पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. नवऱ्याने खुर्ची दिली, लेकीने चहा ठेवला, आणि ताई बाल्कनीतून चिमट्यांची टोपली घेऊन आल्या. कपडे वाळत घालायचे साधे प्लास्टिकचे चिमटे, निळे आणि पिवळे. दोन खुर्च्यांच्या पाठींना दोरी बांधली.

"हे बघा काका. नियम असा: आधी निळे चिमटे, मग तेवढेच पिवळे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. अशी दोरी चालेल, बाकीची चालणार नाही. कळलं?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आता तुमच्याकडे एक यंत्र आहे. यंत्र म्हणजे घर समजा. खोल्या मोजक्या. ते एकेक चिमटा बघतं आणि त्या चिमट्याच्या सांगण्यावरून या खोलीतून त्या खोलीत जातं. त्याला आठवण नाही. मी आत्ता कुठल्या खोलीत आहे, एवढंच कळतं. दोरी संपली की ज्या खोलीत उभं असेल त्यावरून ते सांगतं, पास की नापास. तुमचा दावा असा की हे यंत्र वरच्या नियमाच्या दोऱ्या बरोबर ओळखतं. मी म्हणते, असं यंत्र असूच शकत नाही."

"दावा माझा?" काकांच्या डोळ्यांत चमक आली. "जन्मभर दुसऱ्यांचे दावे तपासले. माझा स्वतःचा दावा कधी नव्हताच."

"तर मग सांगा, खोल्या किती?"

"पाच."

ताईंनी दोरीवर पाच निळे आणि पाच पिवळे चिमटे लावले. "सुरुवातीची खोली धरून पाच चिमटे चाललात, की सहा वेळा कुठे ना कुठे उभं राहणं झालं. खोल्या पाचच. म्हणजे एक तरी खोली दुसऱ्यांदा लागली. एकाच खोलीत दोनदा आलात त्याच्या मधले चिमटे म्हणजे एक गोल फेरी. ती फेरी कितीही वेळा मारली तरी यंत्राला पत्ता लागत नाही. बरोबर? आता ती फेरी कुठे झाली ते तुम्ही दाखवायचं. तेवढा तुकडा तुम्ही पाडायचा. हा पहिलाच निळा चिमटा घ्या ना, म्हणजे—"

"का?" काका खुर्चीत पुढे सरकले. "तुला सोयीचा म्हणून? माझी हरकत आहे."

नवऱ्याने तोंडावर हात धरला. ताईंनी जीभ चावली.

"आई, हात," लेक म्हणाली आणि उठून तिने गरम चहाचा कप आईच्या दोन्ही हातांत दिला. "दोन्ही हातांनी धर. सोडायचा नाही. म्हणजे चिमट्यांना हात लावता येणार नाही."

मग काकांनी सवडीने दोरीचं निरीक्षण सुरू केलं. वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. ताईंचे हात शिवशिवत होते, कप पोळत होता, ओठ दातांखाली होते. एखादा माणूस निवड करायला इतका वेळ लावतो, हे त्यांनी आजवर पाहिलेलंच नव्हतं. बघायला त्या कधी थांबल्याच नव्हत्या.

"हा," काका म्हणाले. त्यांनी शेवटचा निळा आणि पहिला पिवळा चिमटा दोन बोटांत धरला.

ताई गडबडल्या. अशी चाल त्यांच्या स्वप्नातही आली नव्हती. लेकीने पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं: पाच खोल्या असतील, तर तुकडा पहिल्या पाच अक्षरांच्या, म्हणजे चिमट्यांच्या, आतच पडला पाहिजे.

"असं कुठे लिहिलंय? दाखव."

लेकीने दाखवलं. काकांनी पुस्तक हातात घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. चहा निवत गेला तरी त्यांची मान वर येईना. मग म्हणाले, "ठीक. मग माझा तुकडा म्हणजे काहीच नाही. शून्य चिमटे. आता वाढव बघू!"

"पुढची अट वाचा काका," लेक म्हणाली. "तुकड्यात एक तरी अक्षर हवंच."

काकांनी पुढची अटही वाचली आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "अटी चोख आहेत. हे लिहिणारा विम्यातला असणार."

या दोन्ही अटी ताईंनी कितीदा तरी पाठ केल्या होत्या. पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना आज कळलं. त्या काकांसारख्या माणसांसाठी होत्या! समोरचा आपल्या मनासारखा वागणार असेल, तर अटी लागतात कशाला?

"बरं," काका म्हणाले, "मग हे तीन निळे. दुसरा, तिसरा, चौथा."

"झालं ठरवून?"

"झालं."

"नक्की?"

"आता तू जास्त थांबते आहेस."

कप खाली ठेवून ताईंनी त्या तिघांच्या शेजारी आणखी तीन निळे चिमटे अडकवले. "तुमची फेरी मी दोनदा मारली. यंत्राला पत्ता नाही, ते अजूनही म्हणतंय पास. पण दोरी बघा. आठ निळे, पाच पिवळे. नियम मोडला, आणि तुमचं यंत्र पास म्हणतंय."

काकांनी चिमटे मोजले. पुन्हा मोजले. "मी तीनऐवजी दोन घेतले असते तर?"

"तरी निळेच वाढले असते. पहिले पाच सगळे निळेच आहेत. कुठलाही तुकडा घ्या."

"खोल्या पन्नास केल्या तर?"

"चिमटे शेजाऱ्यांकडून आणीन."

काका मागे टेकले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी काहीही म्हटलं तरी हरणारच."

"हो. पण ते तुम्ही म्हणायला हवं. तुम्ही म्हटल्याशिवाय माझी पुढची चालच नाही."

"अस्सं." काका दोरीकडे बघत राहिले. "फार छान आहे हे. मला आजवर सगळे हेच सांगत आले, की तुम्ही काही म्हणूच नका."

त्या दिवशी नवरा दुकानात उशिरा पोचला. तो चष्म्याच्या काचा बसवायचा; गिऱ्हाइकाला ही काच की ती काच, असं शंभर वेळा विचारायचं काम. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाला, "तू माझ्या दुकानात उमेदवारी करायला हवी होतीस. आमच्याकडे उत्तर आपण दिलं तर माणूस भिंतीवर जाऊन आदळतो."

काका संध्याकाळी पुन्हा हजर. दुसऱ्या दिवशी सकाळीही. खालून काकूंनी निरोप धाडला, "ठेवून घ्या हवे तितके. घरात कशी शांतता आहे." काका नवनवे तुकडे पाडत, ताई कप धरून थांबत. नियम बदलून पाहिले. दोरी डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच दिसली पाहिजे, असाही एक नियम झाला. काका प्रत्येक वेळी हरले आणि प्रत्येक वेळी आनंदाने हरले. जाता जाता ताईंनी विचारलं, "काका, कपड्यांच्या दोरीचं काय करू? तुम्ही सांगा." आणि पुढचं काही न बोलता उभ्या राहिल्या. काकांनी बाल्कनीत जाऊन वर पाहिलं, खाली पाहिलं, हनुवटी खाजवली. शेवटी म्हणाले, "दोरी आहे तिथेच असू दे. जाडे कपडे फक्त भिंतीकडे घाल."

एवढंच हवं होतं त्यांना! इतकी वर्षं ताई दोरी आत घ्यायचं कबूल करत होत्या, घेत नव्हत्या, आणि काकांना ती आत नकोच होती.

दवाखान्यातही त्या दिवशी एक आजीबाई गाल धरून आल्या. "मंगळ—" ताई म्हणाल्या आणि ओठ मिटले. "कधी येता, आजी?" आजीबाई विचारात पडल्या. छताकडे बघितलं, बोटांवर काही मोजलं, मागची रांग चुळबुळली. मग लाजून म्हणाल्या, "शनिवारी सकाळी चालेल का? नातू सोबत येतो त्या दिवशी. येताना हात धरतो माझा." ताईंनी शनिवार लिहिला. त्यांच्या अंदाजात हा नातू कुठे नव्हताच.

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने शर्टाबद्दल विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "तुम्हीच ठरवा." तो बराच वेळ कपाटात डोकं घालून उभा होता. बाहेर आला तो जांभळ्या चौकड्यांच्या शर्टात. लग्नाआधीचा. बटणं पोटावर कशीबशी तग धरून होती.

"बाबा, हा?" लेक किंचाळली.

"मला आवडतो हा," तो म्हणाला. आणि मग स्वतःच चकित होऊन, "खरंच आवडतो."

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी वर्गात मागच्या बाकांवर तीच पोरं होती. मॅडम टेबलाशी बसलेल्या, वयाने ताईंपेक्षा कितीतरी लहान, अंबाड्यात पेन खोचलेलं. हातात धरायला कप नव्हता. त्यांनी फळा पुसायचं डस्टर उचललं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"ताई, हा नियम घ्या," मॅडम म्हणाल्या. "माळ सरळ वाचली काय, उलटी वाचली काय, सारखीच. अशा माळा ओळखणारं यंत्र माझ्याकडे आहे. मोजक्या खोल्यांचं."

"किती खोल्यांचं?"

मॅडमच्या भुवया किंचित वर गेल्या. "एन. कुठलाही आकडा धरा."

ताईंनी डस्टर काखेत धरून खडू घेतला आणि माळ लिहिली. एन वेळा ए, मग एकच बी, मग पुन्हा एन वेळा ए. मधला बी जरा मोठा काढला, दोन्ही बाजूंना नीट जागा सोडली. माळ देखणी दिसत होती. पुढचं सगळं त्यांना दिसत होतं. तुकडा पहिल्या एन अक्षरांतच पडणार, म्हणजे डावीकडच्या नुसत्या 'ए' अक्षरांमध्ये. तो वाढवला की डावी बाजू फुगणार, उजवी तेवढीच राहणार, माळ सरळ वेगळी आणि उलटी वेगळी होणार. जिभेच्या टोकावर होतं सगळं. मॅडम बहुधा अगदी पहिला ए घेतील, हेही त्यांना वाटून गेलं. किंवा घेणार नाहीत. काकांनी कधी घेतला नव्हता.

मॅडम वाट बघत होत्या. ताई फळ्यापासून बाजूला सरकल्या, टेबलापाशी आल्या आणि खडू त्यांनी मॅडमसमोर धरला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुकडा तुम्ही पाडा."